चाळिशीनंतर नवं गाणं मनात का बसत नाही?

प्रश्न असा आहे: ‘मी ४७ वर्षांचा आहे. कॉलेजात असताना हातखर्चाचे सगळे पैसे कॅसेटींवर जायचे. आता माझी सोळा वर्षांची मुलगी गाडीत तिची गाणी लावते, तेव्हा मला ती सगळी सारखीच वाटतात. दोन-तीन गाण्यांनंतर मी माझी जुनी गाणी लावतो आणि मग आम्ही दोघंही गप्प बसतो. गाणी खरंच बिघडली आहेत, की माझं वय झालं? यावर काही करता येतं का? आणि तिला माझी गाणी कशी ऐकवू?’

मी सांगलीत गेली ३४ वर्षं गायन शिकवते आहे. सकाळी प्रारंभिक आणि प्रवेशिका या गायनाच्या पहिल्या परीक्षांची लहान मुलं येतात, संध्याकाळी विशारद-अलंकार या वरच्या परीक्षांची, आणि मंगळवार-शुक्रवारी दुपारी निवृत्त मंडळींचा वर्ग असतो. एकाच खोलीत, एकाच तानपुऱ्यापाशी, आठ वर्षांपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांपर्यंतचे कान माझ्यासमोर बसतात. शिवाय महिन्यातून दोन रविवारी आम्ही गात नाही, नुसतं ऐकायला जमतो. तुमचा प्रश्न तिथे दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी काढतंच. म्हणून आधी उत्तर सांगते, मग कारणं. गाणी बिघडलेली नाहीत. सत्तेचाळीस हे काही कान म्हातारे होण्याचं वय नाही. तुमची एक सवय सुटली आहे: पहिल्यांदा न आवडलेल्या गाण्याला दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा घरात येऊ देण्याची.

तुमच्या त्या कॅसेटी आठवा. तीसेक रुपये मोजून आणलेली कॅसेट. ‘ए’ बाजूला दोन गाजलेली गाणी, बाकीची भरताड. पण पैसे मोजलेले असायचे. गाणं पुढे ढकलायचं तर बटण दाबून अंदाजाने थांबायचं, त्यात टेप गुंडाळली जायची धास्ती. म्हणून एकदा लावली की कॅसेट पूर्ण वाजायची, मग उलटायची, मग पुन्हा. अशा दहा-पंधरा फेऱ्या झाल्या की ‘बी’ बाजूचं तिसरं गाणं, ज्यासाठी कुणीच ती कॅसेट घेतलेली नसायची, तेच जिवाभावाचं होऊन बसायचं. निवृत्तांच्या वर्गात मी एकदा विचारलं होतं, की तुमच्या सगळ्यात लाडक्या पाच गाण्यांपैकी कुठलं पहिल्याच ऐकण्यात आवडलं? बहुतेकांना ती पहिली वेळच आठवेना. आठवणार तरी कशी, तिच्यावर पुढच्या शेकडो वेळांचे थर चढलेले.

रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली हीच गोष्ट प्रयोग करून मांडली. त्याने लोकांना अर्थ नसलेले शब्द, अनोळखी अक्षरं, अनोळखी चेहरे कमी-जास्त वेळा दाखवले. जे जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं, ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. गाण्याच्या बाबतीत याला दुसरी बाजूही आहे. अति ऐकलं की विटतं, आणि साधं गाणं लवकर विटतं, गुंतागुंतीचं उशिरा. पण विटण्याआधी रुळावं लागतं, आणि तुमची नवी गाणी रुळण्यापर्यंत पोचतच नाहीत.

आपल्याकडचं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण माझ्या आईच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलं आहे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचं संगीत, वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, अशी एकूण ५६ गीतं. शुक्रवारी सकाळी नवं गीत लागायचं आणि तेच गीत शनिवारी आणि रविवारी पुन्हा लागायचं. आई तेव्हा सतरा वर्षांची, सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहणारी. ती सांगायची, शुक्रवारी नुसती चाल कानावर पडायची, शनिवारी ध्रुवपद तोंडात यायचं आणि रविवारी वही-पेन्सिल घेऊन शब्द उतरवून घ्यायचे. शेजारच्या बिऱ्हाडात रेडिओ नव्हता, ती सगळी मंडळी यांच्या उंबऱ्यात येऊन बसायची. म्हणजे तीन दिवसांत एक गाणं तीनदा, तेही चार माणसांच्या संगतीत, आणि पुढे ढकलायची सोय नाही. उत्तम संगीत तर ते होतंच. पण उत्तम संगीतालाही तीनदा यावं लागलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि हे फक्त तरुणांच्या बाबतीत होतं असंही नाही. २०१६ साली ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ आलं. पुढचं दीड-दोन वर्ष त्याच्याशिवाय एक वरात, एक गणपतीची मिरवणूक, एक शाळेचं स्नेहसंमेलन झालं नाही. माझ्या वर्गातल्या सत्तरीच्या बायका, ज्यांनी आपणहून ते गाणं कधीच लावलं नसतं, नातवाच्या मुंजीत त्यावर नाचल्या आणि मनापासून नाचल्या. त्यांना कुणी ‘तुम्हाला नवं गाणं ऐकायचं आहे का’ असं विचारलंच नव्हतं. गाणं येत राहिलं, आणि बसलं.

आता वयाचं. वयाचा संबंध आहेच, तो नाकारून चालणार नाही. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. १९३२ ते १९८६ या काळातली गाजलेली गाणी त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना ऐकवली आणि किती आवडली ते विचारलं. माणूस साधारण २३-२४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, ती त्याला सगळ्यात प्रिय, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या काही अभ्यासांत हे वय आणखी खाली, सतरा-अठराच्या आसपास आलं. आठवणींवर काम करणारे अभ्यासकही सांगतात, की म्हातारपणी माणसाला विचारलं तर त्याला दहा ते तीस या वयातल्या गोष्टी सगळ्यात ठसठशीत आठवतात. पहिलं गाव सोडणं, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिला खरा मित्र हे सगळं त्याच वर्षांत असतं आणि त्या प्रत्येकाच्या मागे काहीतरी वाजत असतं.

तरीही मी याला कान बंद होण्याचं वय म्हणणार नाही. त्या वयात काय काय असतं ते बघा. भरपूर मोकळा वेळ असतो. तेच गाणं ऐकणारे पाच मित्र असतात. गाण्यावरून भांडणं होतात, आणि भांडायचं म्हणजे नीट ऐकावं लागतं. आपण कोण आहोत हे ठरायचं असतं, म्हणून आवडीनिवडीला धार असते. पंचेचाळिशीत यातलं काय उरतं? कारखान्यातून किंवा ऑफिसातून आल्यावर माणसाला अर्धा तास शांतता हवी असते, आणि ओळखीचं गाणं शांततेसारखंच असतं, काही मागत नाही. नवं गाणं लक्ष मागतं. लक्ष शिल्लक नसलेल्या माणसाने जुनं गाणं लावलं, तर त्यात त्याचा दोष नाही.

गाण्यातला आनंद नेमका कुठे असतो, याबद्दल २०११ साली माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास मला शिकवताना सारखा आठवतो. लोकांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवत त्यांनी मेंदूची चित्रं घेतली. डोपामिन हे रसायन, जे मेंदूत सुखाशी आणि ओढीशी जोडलेलं आहे, ते काटा येतो त्या क्षणी तर वाढलंच, पण त्याच्या आधी, तो क्षण आता येणार अशी वाट बघतानाही वाढलं, मेंदूच्या वेगळ्या भागात. आपल्याकडे बैठकीत बसलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. गवई तान घेऊन समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाला, की श्रोत्यांची मान आधीच उचललेली असते. सम येते तेव्हा ‘वा’ निघते, पण सुख त्याआधीच सुरू झालेलं असतं. आता ज्या गाण्यात सम कुठे येणार हेच माहीत नाही, तिथे वाट कशाची बघायची? मुलीच्या गाण्यात तुम्हाला हेच होतंय. कुठे पोचायचं ते माहीत नसलेल्या प्रवासात तुम्ही बसलेले आहात. तिला वळण न् वळण माहीत आहे. हे गाण्याच्या दर्जाशी संबंधित नाही आणि वयाशीही नाही. चौथ्या-पाचव्या ऐकण्यात तुम्हालाही वळणं कळू लागतात आणि तेव्हा मेंदूला वाट बघायला काहीतरी मिळतं.

‘आताची गाणी म्हणजे’ ही तक्रार किती जुनी आहे, हे माझ्याच घरात बघायला मिळालं. आजोबा बालगंधर्वांच्या जमान्यातले, ‘स्वयंवर’ १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा अकरा वर्षांचे. वन्स मोअर घेत पहाटेपर्यंत चाललेले प्रयोग त्यांनी पाहिले होते. १९३० नंतर जी. एन. जोशींच्या ध्वनिमुद्रिकांपासून भावगीत घराघरांत पोचू लागलं, तेव्हा त्यांना ते साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आत संपलं असं वाटायचं. आईला भावगीत म्हणजे जीव की प्राण, पण सत्तरच्या दशकातली हिंदी सिनेमाची ढणढण तिला सोसायची नाही. आणि मी त्याच ढणढणीवर वाढले. आजोबांचा कान वाईट नव्हता. त्यांना यमन आणि यमनकल्याण यांतला फरक कुणी सांगावा लागत नव्हता. साडेतीन मिनिटांत गाणं कसं मांडतात, त्याची जागा कुठे असते, हे त्यांच्या कानाला कुणी दाखवलं नव्हतं, एवढंच.

‘जागा’ हा शब्द आपल्याकडे फार मोलाचा आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्याच शब्दात दिसतं. गाण्यातली जागा म्हणजे ती एवढीशी हरकत, ती मुरकी, तो शब्द सोडण्याचा क्षण, जिथे ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप दाद जाते. तुमच्या-माझ्या पिढीच्या गाण्यांत जागा सुरावटीत असतात. मुखड्याकडून अंतऱ्याकडे जाताना, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत, गायकाने घेतलेल्या एखाद्या मींडेत. तुमचा कान तिथेच शोधतो. मुलीच्या बऱ्याच गाण्यांत सुरावट मुद्दाम साधी, चार-पाच सुरांत फिरणारी ठेवलेली असते, आणि जागा दुसरीकडे असते. खालचा घुमणारा आवाज एका मात्रेपुरता एकदम काढून घेतलेला असतो आणि तो परत येतो ती जागा. गायकाचा आवाज अचानक कोरडा करून कानाशी आणलेला असतो, श्वाससुद्धा ऐकू येतो, ती जागा. तोच सूर तिसऱ्या वेळी वेगळ्या पोताच्या आवाजात वाजतो, ती जागा. जिथे जागा नाहीतच तिथे तुम्ही त्या शोधत राहता आणि शेवटी म्हणता, सगळं सारखंच. ख्याल कधीच न ऐकलेला माणूस पहिल्यांदा मैफलीत बसला की नेमकं हेच म्हणतो. सगळे राग सारखेच, सगळे ‘आ’च करतात.

म्हणून आज संध्याकाळी मुलीला ‘हे काय लावलंयस’ असं विचारू नका. ‘यात तुझी जागा कुठली?’ असं विचारा. ‘जागा’ शब्द तिला माहीत नसेल तर सांगा, की ज्या क्षणासाठी तू हे गाणं पुन्हा लावतेस तो क्षण आला की बोट वर कर. माझ्या एका विशारदच्या विद्यार्थिनीने मला असंच शिकवलं. ती बोट वर करायची, मला काहीच ऐकू यायचं नाही. मग ती दहा सेकंद मागे जायची. चौथ्या वेळी मला कळलं, की तिथे तालाचा एक ठोका नाही. असायला हवा तिथे नाही. आणि ती रिकामी जागा एकदा कळल्यावर मी तिची वाट बघू लागले.

रविवारच्या बैठकीतला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण तुम्हाला करायचं आहे ते यात आहे. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलाने निवृत्तांसाठी मराठी रॅप आणलं. मी अट घातली, की हेच एक गाणं ओळीने चार रविवार ऐकायचं आणि चौथ्या रविवारपर्यंत कुणीही चांगलं-वाईट बोलायचं नाही, फक्त काय ऐकू आलं ते सांगायचं. पहिल्या रविवारी चेहरे बोलत होतेच. एक निवृत्त शिक्षिका फक्त एवढंच म्हणाल्या, ‘शब्द पळतात, हातात येत नाहीत.’ दुसऱ्या रविवारी एक गृहस्थ, तरुणपणी तबला वाजवलेले, मांडीवर बोटं आपटू लागले. ‘अहो, हा तर आठ मात्रांचा केरवा आहे,’ म्हणाले. मग सगळ्यांनी हाताने टाळी धरली. टाळी धरल्यावर दिसलं, की रॅप म्हणणारा पोरगा ओळ समेवर आणून ठेवत नाही. कधी समेच्या आधीच ओळ संपवतो, कधी सम ओलांडून शेवटचा शब्द पुढच्या आवर्तनात टाकतो. बोलबांट, म्हणजे बंदिशीचे शब्द लयीशी खेळवणं, शिकणाऱ्याला हे खेळ नवे नाहीत. तिसऱ्या रविवारी त्या मुलाने शब्द कागदावर लिहून आणले. शिक्षिकाबाईंनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि यमकांखाली रेघा मारत गेल्या. यमक ओळीच्या शेवटी नव्हतं, ओळीच्या पोटात होतं, एकेका ओळीत तीन-तीनदा. चौथ्या रविवारी मत विचारलं. दोघांना गाणं अजिबात आवडलं नव्हतं, आणि का आवडलं नाही ते त्यांनी नीट सांगितलं. बाकीच्यांपैकी काहींनी ते फोनमध्ये घेतलं. त्या शिक्षिकाबाई आता स्वतःच शोधून दुसऱ्या रॅपरची गाणी आणतात. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत.

वयाबरोबर आवड खरोखर बदलते, तेही सांगायला हवं, कारण सगळंच परत विसाव्या वर्षासारखं व्हावं असा हट्ट धरू नये. अडीच लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जोरकस, आक्रमक संगीताची ओढ किशोरवयात शिगेला असते आणि पुढे उतरत जाते. मध्यम वयात साधंसरळ, सुरेल संगीत आणि शास्त्रीय किंवा जॅझसारखं गुंतागुंतीचं संगीत यांची गोडी वाढते. संगीताला दिलेला वेळ मात्र वयाबरोबर घटतो. माझ्या वर्गात हे रोज दिसतं. सोळा वर्षांच्या मुलाला बडा ख्याल शिकवताना त्याचे डोळे सारखे द्रुतकडे, म्हणजे जलद लयीकडे, लागलेले असतात. कधी एकदा तानांना हात घालतो, असं त्याला झालेलं असतं. चाळिशीत शिकायला आलेला माणूस विलंबितातल्या, म्हणजे संथ लयीतल्या, एका षड्जावर पाच मिनिटं आनंदाने बसतो.

माझं स्वतःचंही असंच झालं. बाविसाव्या वर्षी माझ्या गुरुजींनी मला मल्लिकार्जुन मन्सूरांची कॅसेट दिली होती. जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट राग, मध्य लय, लागोपाठ येणाऱ्या पेचदार सुरावटी, कुठे थांबून श्वास घ्यायला उसंत नाही. मी दोनदा ऐकली आणि परत केली. मला आलापीची सवय, मला त्यात राहायला जागाच मिळेना. गुरुजी रागावले नाहीत. ‘ठेव तुझ्याकडेच,’ म्हणाले. एकेचाळिसाव्या वर्षी, वडिलांच्या आजारपणात, दवाखान्यातून रात्री घरी आल्यावर ती कॅसेट लावली. आणि त्या महिनाभरात दुसरं काही ऐकलंच नाही. ते गाणं न थांबता पुढे जात राहतं, एकही सूर लाडात येत नाही, हेच तेव्हा मला हवं होतं. बाविसाव्या वर्षी ते गाणं मला उपयोगाचं नव्हतं. म्हणजे एकेचाळिसाव्या वर्षी मला मिळालेलं ते नवंच संगीत होतं, रेकॉर्डिंग कितीही जुनं असो. ‘नवं’ म्हणजे या वर्षी निघालेलं, असं धरू नका. तुमच्या कानाला नवं ते नवं. मुलीची गाणी कळून घ्याच, ते तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी. पण ध्रुपद कधी ऐकलं नसेल, कर्नाटक संगीत, लावणीची जुनी बैठक, दशावताराचं संगीत ऐकलं नसेल, तर तुमच्यासाठी तेही तेवढंच नवं आहे.

कानाबद्दल थोडं. तुमचा कान म्हातारा झालेला नाही असं मी वर म्हटलं, तरी वाढत्या वयात कान बदलतो. तरुण माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ही वरची मर्यादा वयाबरोबर हळूहळू खाली सरकते, आणि आधी जातात ते बारीक, तीक्ष्ण आवाज. मी ५९ वर्षांची आहे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावताना घोडीवर तारेखाली सूत सरकवत जावं लागतं, आणि एका ठिकाणी तार एकदम खुलते, भुंग्यासारखी गुंजू लागते. हे मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराने हाताला धरून शिकवलं. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते हयात नव्हते, याची हळहळ वाटते.) पूर्वी तो क्षण मला एकटीला नेमका पकडता यायचा. आता मी सूत थांबवते आणि समोरची मुलगी म्हणते, ‘ताई, अजून किंचित पुढे.’ ती बरोबर असते. त्या गुंजारवाचा वरचा पदर तिला ऐकू येतो आणि मला अर्धाच. जवारी आता मी तिलाच लावायला सांगते.

गाण्यात याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीतल्या आवाजावर ओळखली जातात, ती पुसट होतात, म्हणून गजबजलेल्या वाद्यमेळात ‘शब्दच कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. आणि दुसरं, आतल्या कानाची झीज झालेल्या माणसाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज नेहमीपेक्षा जास्त टोचतो. घरातले आजोबा एकाच वेळी ‘ऐकू येत नाही’ आणि ‘केवढ्याने लावलंय’ असं म्हणतात ते खोटं नसतं. सत्तेचाळिशीत याचा त्रास सहसा नसतो. पण तुम्ही कारखान्यात यंत्रांजवळ काम करत असाल किंवा कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर एकदा श्रवणचाचणी करून घ्या. पुढे कधी श्रवणयंत्र लागलंच, तर त्यात संगीतासाठी वेगळी सेटिंग करून मिळते का ते आवर्जून विचारा. बोलणं ऐकण्यासाठी लावलेल्या सेटिंगमध्ये तानपुरा चिरका आणि फाटका ऐकू येतो. माझ्या वर्गातल्या एका काकांनी त्यापायी सहा महिने गाणं सोडलं होतं.

साधनाचाही विचार करा. आजची बरीचशी गाणी खालच्या, घुमणाऱ्या आवाजांवर उभारलेली असतात, आणि फोनचा इवलासा स्पीकर ते आवाज काढूच शकत नाही. फोनवर ऐकून ‘यात काही नाही’ म्हणणं म्हणजे डग्गा न ऐकता तबल्यावर मत देणं झालं. बरे हेडफोन घ्या, किंवा गाडीत खिडक्या लावून ऐका.

फोनवरची ॲपंही तुम्हाला मागे ओढतात, तुम्ही जे ऐकलंत त्याच्यासारखंच ती पुढे आणून ठेवतात. तुम्ही आठवडाभर १९९५ ऐकलंत तर आठव्या दिवशी १९९६ मिळतं. आणि तिथे कुठलंही गाणं वीस सेकंदांत बदलता येतं, तेही पैसे न मोजता. म्हणून तुम्हाला ती कॅसेटची अडचण स्वतःहून निर्माण करावी लागेल. महिन्याला एकच गायक किंवा एकच नवा अल्बम घ्या, जास्त नको. तो निवडायचा हक्क मुलीला द्या. त्यातली चार-पाच गाणी दोन आठवडे, एक दिवसाआड, मधे न बदलता ऐका. त्यातलं निदान एकदा काहीही न करता ऐका, भाजी चिरताना किंवा मेल बघताना नाही. शब्द मिळाले तर वाचा. मत द्यायची घाई करू नका. दोन आठवड्यांनी काहीच हाती लागलं नाही तर ते गाणं सोडा, पण पुढच्या महिन्यात दुसरं घ्या. माझ्या अनुभवात तीन-चार महिन्यांत कान सैल होतो. पहिला महिना कंटाळवाणा जातो, हे आधीच सांगून ठेवते.

मुलीला तुमची गाणी कशी ऐकवायची, त्याची फार काळजी करू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांनी विशीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास आहे. त्या मुलांना स्वतःच्या काळातली गाणी तर जवळची होतीच, पण त्यांचे आईवडील तरुण असताना गाजलेली गाणीही जवळची निघाली, आणि त्याआधीच्या, आजी-आजोबांच्या पिढीशी जुळणाऱ्या साठच्या दशकातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं दिसलं. घरात जे वाजत असतं ते झिरपतं. २००० नंतर जन्मलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना गीतरामायणातली पदं येतात ती कुणी शिकवून नाही, आजीच्या स्वयंपाकघरातून. तुमची गाणी वाजू द्या, तिच्या गाण्यांच्या जोडीने, पाळीपाळीने. फक्त ‘खरं संगीत हे’ असं म्हणून लावू नका. ते वाक्य ऐकलं की मुलं कान मिटतात. मी हे वाक्य वर्गात अनेक वर्षं वापरलं. त्यापायी एक अतिशय गोड गळ्याची मुलगी मध्यमा परीक्षा झाल्यावर गाणं सोडून गेली, असं मला आजही वाटतं. ती गिटार घेऊन स्वतःची गाणी रचायची आणि मी ती एकदाही नीट ऐकली नव्हती.

या महिन्याच्या बैठकीसाठी संध्याकाळच्या वर्गातल्या मुलांनी एका तमिळ मुलीची गाणी निवडली आहेत. नुसता आवाज, एक कीबोर्ड आणि मागे पावसासारखं काहीतरी. भाषा मला येत नाही. तीनदा ऐकून झालं. दुसऱ्या कडव्यानंतर ती एक ओळ अर्ध्यात सोडते, तिथे काहीतरी आहे असं वाटतंय, पण अजून नेमकं सापडलेलं नाही. गुरुवारी मुलं येतील, तेव्हा त्यांना तिथे बोट वर करायला सांगणार आहे.